प्रयोगशाळेतले निकष कोणाचे?

साहित्याच्या क्षेत्रात आपण एक प्रश्न धिटाईने विचारला होता. ज्या निकषांवर आमची कविता तोलली जाते ते निकष कोणी घडवले, कोणाच्या अनुभवातून घडवले, आणि तोलण्यापूर्वीच तराजूचा काटा एका बाजूला कललेला नव्हता काय? या प्रश्नाने मराठी समीक्षेची झोप उडवली. परंतु विद्यापीठाच्या दुसऱ्या इमारतीत, जिथे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित शिकवले जाते तिथे, आपण हा प्रश्न फारसा नेला नाही. कविता माणसाची, तिच्यात जात शिरणारच, हे आपल्याला कळले. विज्ञान मात्र वस्तुनिष्ठ, तेव्हा त्याचे शिकवणेही वस्तुनिष्ठच असणार, असे आपण गृहीत धरले. न्यूटनचा नियम जात पाहत नाही हे खरे. पण तो नियम शिकवणारा, तो कोणाला कळला हे ठरवणारा आणि त्या शिकवण्याला श्रेणी देणारा माणूसच असतो. आणि माणूस या देशात जात पाहतो.

म्हणून विज्ञान विभागांतील अध्यापनाचा दर्जा कसा ठरवला जातो, हा प्रश्न केवळ कुलगुरूंचा आणि प्राचार्यांचा नाही. तो आपला आहे. मराठवाड्यातल्या एका महाविद्यालयात वीसहून अधिक वर्षे रसायनशास्त्र शिकवलेला एक मास्तर म्हणून मी तो मांडतो आहे.

आज जे मोजले जाते ते काय आहे, हे प्रथम पाहू. केंद्र सरकारची राष्ट्रीय क्रमवारी २०१५ साली जाहीर झाली आणि २०१६ साली तिची पहिली यादी निघाली. त्यात शंभरापैकी तीस गुण 'अध्यापन, अध्ययन आणि साधने' या शीर्षकाखाली ठेवले गेले. शीर्षक वाचून वाटते, चला, निदान शिकवण्याची दखल तरी घेतली. पण त्या शीर्षकाखाली काय मोजले जाते? विद्यार्थ्यांची संख्या, विद्यार्थी-शिक्षक प्रमाण, पीएच.डी. झालेले शिक्षक किती आणि त्यांचा अनुभव किती, पैसा किती खर्च झाला. या सर्व गोष्टी आवश्यक आहेत, हे मी नाकारत नाही. पण यांपैकी एकही गोष्ट वर्गाच्या दाराच्या आत जात नाही. वर्गात काय घडले, मुलाला काय कळले, याचा एकही आकडा तिथे नाही. घरात भांडी किती, चूल कोणती आणि किराणा कितीचा, एवढे मोजून स्वयंपाक उत्तम झाला असे प्रशस्तिपत्र देण्यासारखे हे आहे.

१९९४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेची, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या 'नॅक'ची, गोष्ट थोडी वेगळी आहे. तिने अध्यापनाला स्वतंत्र निकष दिला. परंतु २०१७ च्या सुधारित चौकटीत एक हजार गुणांपैकी विद्यापीठांसाठी अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन यांना २०० गुण होते आणि संशोधन व विस्तारकार्य यांना २५०. संलग्न महाविद्यालयांसाठी मात्र अध्यापनाला ३५०. म्हणजे चौकटीनेच सांगून टाकले की शिकवणे हे खालच्याचे काम आणि संशोधन हे वरच्याचे. शिवाय श्रेणी मिळते ती बहुतेक वेळा सबंध संस्थेला. त्या एका अक्षराच्या आड भौतिकशास्त्राचा चांगला विभाग आणि गणिताचा मोडकळीला आलेला विभाग सारखेच लपतात.

२०२५ च्या फेब्रुवारीत याच परिषदेच्या पाहणी समितीतील काही सदस्यांना लाच घेतल्याच्या आरोपावरून केंद्रीय अन्वेषण विभागाने अटक केली. त्यावर पुष्कळ आरडाओरड झाली आणि ती योग्यच होती. पण समितीतले सर्वजण धुतल्या तांदळासारखे असते तरी मूळ प्रश्न उरतोच. प्रामाणिकपणे चुकीची वस्तू मोजली तर उत्तर बरोबर येत नाही.

आता शिक्षकाच्या बढतीकडे वळू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत अध्यापनाची कसोटी कोणती ठेवली? नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले. ८० टक्के किंवा अधिक घेतले तर 'चांगले', ७० ते ८० च्या दरम्यान 'समाधानकारक'. बस्स. फळ्याकडे तोंड करून जुन्या पिवळ्या पडलेल्या वहीतून उतरवून देणारा आणि मागच्या बाकावरच्या मुलीला मोलची कल्पना समजेपर्यंत तीन वेळा नव्याने मांडणारा, हे दोघे या कसोटीवर एकच. रोजगार हमीच्या कामावरसुद्धा हजेरीबरोबर खोदलेली माती मोजतात. इथे फक्त हजेरी.

शिकवणे आणि संशोधन यांची ही फारकत नवीन नाही, आणि तिच्यावरचा आक्षेपही नवीन नाही. १९२४ साली मुंबई विद्यापीठ सुधारणा समितीपुढे दिलेल्या साक्षीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पदवीपूर्व आणि पदव्युत्तर शिक्षण यांच्यात भिंत घालण्याला विरोध केला होता. तशी भिंत घातली की शिकवणे एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे पडते, हे त्यांनी तेव्हाच दाखवले होते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली जन्मले ते मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. विद्यापीठाने केवळ परीक्षा घेऊन थांबू नये, उच्च शिक्षण गरिबांच्या आणि गरजूंच्या दारापर्यंत न्यावे, ही भूमिका बाबासाहेबांनी १९२७ साली मुंबई कायदेमंडळातही मांडली. शंभर वर्षे होत आली. परीक्षा घेणारे विद्यापीठ आता स्वतःही परीक्षा देते, एवढाच फरक पडला. शिकवण्याचा प्रश्न होता तिथेच आहे.

मग कोणी म्हणेल, निकाल पाहा. ज्या विभागाचा निकाल चांगला तो विभाग चांगला. हा युक्तिवाद वरवर बिनतोड आहे, पण जातिव्यवस्थेचा सर्वांत लाडका युक्तिवादही हाच आहे. नव्वद-पंचाण्णव टक्क्यांची, शहरातली, इंग्रजी माध्यमातली, खाजगी शिकवण्या घेऊन आलेली मुले आत घ्यायची आणि तीन वर्षांनी तशीच बाहेर सोडायची, यात विभागाने काय केले? दुसरीकडे तालुक्याच्या महाविद्यालयात बारावीला प्रात्यक्षिकाचे गुण मिळालेले, पण परीक्षानळी कधी हातात न धरलेले पोर येते. ते तीन वर्षांत स्वतःच्या हाताने अनुमापन करून तीन वाचने जुळवून दाखवते. शिकवणे कुठे घडले? प्रवासाचे मोजमाप करायचे तर पोचलेले ठिकाण पाहून भागत नाही. निघालेले ठिकाणही विचारावे लागते. 'गुणवत्ता' या शब्दाने आजवर आपल्याकडून हेच निघालेले ठिकाण लपवून ठेवले.

हे मोजता येत नाही, असे मात्र कोणी सांगू नये. अमेरिकेत १९९२ साली बलाच्या संकल्पनेवर एक प्रश्नसंच तयार झाला. सुमारे तीस प्रश्न, साध्या बोलीतले, आकडेमोड जवळजवळ नाहीच. वर फेकलेला दगड वरच जात असताना त्याच्यावर कोणकोणती बले असतात, अशा जातीचे. सूत्रे घडाघडा म्हणणारी मुले इथे अडखळतात. हात सुटला तरी हाताचे बल दगडात उरले आहे असे त्यांना वाटते. हा संच सत्राच्या सुरुवातीला द्यायचा आणि शेवटी पुन्हा द्यायचा. रिचर्ड हेक या भौतिकशास्त्रज्ञाने १९९८ साली ६२ अभ्यासक्रमांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचे असे निकाल एकत्र केले. त्याने विचारलेला प्रश्न आपण ध्यानात ठेवण्यासारखा आहे: सुरुवातीला जे येत नव्हते, त्यापैकी किती आले? केवळ व्याख्यान देणाऱ्या वर्गांत हे प्रमाण सरासरी ०.२३ होते. जिथे मुले एकमेकांशी बोलत, उत्तर पणाला लावत, चुकत आणि तिथल्या तिथे दुरुस्त होत, तिथे ०.४८ होते. नामांकित प्राध्यापकाचे उत्तम व्याख्यानसुद्धा न कळलेल्यापैकी चौथा हिस्सादेखील धड पोचवत नाही, असा याचा अर्थ.

पुढे २०१४ साली विज्ञान-गणिताच्या अध्यापनावरील २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात व्याख्यानाच्या वर्गांत नापासांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के आणि मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२ टक्के आढळले. २०२० साली त्याच धर्तीच्या दुसऱ्या आढाव्याने आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट दाखवली. अशा अध्यापनाने वंचित गटांतील आणि इतर विद्यार्थ्यांमधले परीक्षेतील अंतर सरासरी एक तृतीयांशाने कमी झाले, आणि तेही जिथे वर्गाचा बराचसा वेळ खरोखर या कामाला दिला तिथेच. नावापुरता 'उपक्रम' करून काही साधले नाही. २०१९ साली एका मोठ्या अमेरिकन विद्यापीठातील १५० विज्ञान प्राध्यापकांचा अभ्यास झाला. बुद्धी ही जन्मतः ठरलेली असते असे मानणाऱ्या प्राध्यापकांच्या वर्गात वांशिक गटांमधील गुणांचे अंतर, ती वाढवता येते असे मानणाऱ्यांच्या वर्गातल्यापेक्षा दुपटीपर्यंत मोठे होते.

अमेरिकेचा वंशभेद आणि आपली जात एक नव्हेत, तिथला आकडा इथे जसाच्या तसा चिकटवू नये. पण बुद्धी जन्मतः मिळते, ही समजूत ज्या देशाने धर्मग्रंथात नेऊन बसवली, त्या देशाला या निष्कर्षाकडे पाठ फिरवता येणार नाही. चातुर्वर्ण्य हा शेवटी बुद्धी जन्माने वाटून देण्याचाच सिद्धांत आहे. 'यांना गणित झेपत नाही हो' असे शिक्षकांच्या खोलीत चहा पिताना सहज म्हणणारा माणूस आपण शिक्षणशास्त्रावर बोलतो आहोत असे समजतो. प्रत्यक्षात तो मनुस्मृतीचे भाष्य करत असतो.

आता एक अडचण आपल्या बाजूची. विद्यार्थ्यांनीच शिक्षकांचे मूल्यमापन करावे, ही मागणी आपल्या संघटनांनीही केली. आता ते फॉर्म आले आहेत, मोबाइलवर भरतात. मला या मागणीमागची लोकशाही भावना मान्य आहे. पण या साधनाची परीक्षाही केली पाहिजे. २०१७ साली अशा अभ्यासांचे जे पुनर्विश्लेषण झाले त्यात विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि विद्यार्थी प्रत्यक्षात किती शिकले यांचा काही संबंध आढळला नाही. २०१५ च्या एका लहान प्रयोगात, केवळ दूरस्थपणे शिकवणाऱ्या शिक्षकाचे नाव पुरुषाचे सांगितले की गुण वाढत आणि बाईचे सांगितले की उतरत. शिकवणारी व्यक्ती तीच. आपल्याकडे नावाच्या पुढे आडनाव असते, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. राखीव जागेवर आलेल्या प्राध्यापिकेला त्या फॉर्मवर काय सोसावे लागते, ते तिलाच विचारा. आणि उलट बाजूने, ज्याच्या हातात अंतर्गत गुण आहेत त्याच्याविषयी पहिल्या पिढीतला मुलगा त्या फॉर्मवर खरे लिहील काय? फॉर्म जरूर असू द्या. पण विद्यार्थ्याला कळले का, हे विद्यार्थ्याच्या कामात शोधा. गुरुजी आवडले का, हा प्रश्न वेगळा.

सर्वांत अंधारी जागा आहे ती प्रात्यक्षिकाची आणि तोंडी परीक्षेची. लेखी उत्तरपत्रिकेवर बैठक क्रमांक असतो. तोंडी परीक्षेत समोर देह असतो, उच्चार असतो, आडनाव असते. मी पदवीच्या शेवटच्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. माझे आणि माझ्या शेजारच्या टेबलावरील मित्राचे अनुमापन सारखेच आले होते, ब्युरेटचे वाचन दशांशापर्यंत जुळले होते. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्याला विचारले, दर्शक कोणता वापरला आणि का. मला विचारले, आडनाव काय, गाव कोणते, गव्हर्मेंट ऑफ इंडिया स्कॉलरशिप मिळते ना? मग सल्फाइड गटाविषयी एक प्रश्न विचारला. मी उत्तर जुळवीत होतो तोवर 'जा' म्हणाले. त्याला माझ्यापेक्षा बरेच अधिक गुण मिळाले. लेखीत मी त्याच्या पुढे होतो. त्यांनी ते जात पाहून दिले, असे मी आजही सिद्ध करू शकत नाही. आणि हाच माझा मुद्दा आहे. जिथे अन्याय झाला हे सिद्ध करता येत नाही तिथे अन्याय झाला नाही, हेही सिद्ध करता येत नाही. प्रश्न लिहिलेले नाहीत, उत्तरे नोंदलेली नाहीत, गुणांचे कारण दिलेले नाही. विज्ञानाच्या परीक्षेत पुरावाच ठेवला जात नाही, याहून विज्ञानाची मोठी थट्टा कोणती?

माझा अनुभव एकट्याचा म्हणून सोडून द्या. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील भेदभावाच्या तक्रारींवर २००६ साली डॉ. सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. २००७ साली तिने अहवाल दिला. शिक्षकांकडून पुरेसे साहाय्य मिळत नाही आणि प्रात्यक्षिक व तोंडी परीक्षेत न्याय होत नाही, असे अनुसूचित जाती-जमातींच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांनी त्या समितीला सांगितले. ती देशातील सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेची गोष्ट. कोणत्याही यादीत ती संस्था वरच असते. याचा अर्थ एवढाच, की ती यादी हे मोजत नाही.

भाषेचा प्रश्नही याच्याशी बांधलेला आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातील वि. गो. कुलकर्णी आणि सु. चं. आगरकर यांनी महापालिकेच्या शाळांतील अनुसूचित जातींच्या मुलांबरोबर काम केले आणि १९८५ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. मुले बुद्धीने नव्हे, तर पाठ्यपुस्तकाच्या भाषेने अडवली जातात, हे त्या कामातून पुढे आले. भाषा सोपी केली, मुलांना बोलते केले आणि मुले पुढे गेली. ही गोष्ट शाळेची. विद्यापीठात आल्यावर तेच मूल संस्कृतप्रचुर मराठीतून सुटते आणि इंग्रजीत सापडते. शेतातला खारवटलेला पांढरा थर ज्याने पाहिला आहे, त्याला क्षार म्हणजे काय हे माहीत असते. त्या माहितीला वर्गात प्रवेश नसतो.

आता स्वतःकडे पाहू. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचे. १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय आले. प्रयोगशाळा त्यांच्या स्वप्नात होती. आपण त्या परंपरेतून कवी, समीक्षक, कार्यकर्ते, अधिकारी घडवले, याचा अभिमान आहे. पण विज्ञान विभागाच्या आत काय चालते यावर आपली चळवळ कितीदा बोलली? आपण बिंदुनामावली तपासली, आणि ती तपासलीच पाहिजे. २०१७ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने आरक्षणासाठी सबंध विद्यापीठाऐवजी विभाग हे एकक मानले, तेव्हा लहान विभागांतील राखीव जागा पुसल्या जाण्याची वेळ आली. देशभर आंदोलन झाले आणि २०१९ साली संसदेला कायदा करून ते उलटवावे लागले. तो विजय मोठा होता. पण गंमत अशी की जागा नाकारायच्या तेव्हा विभाग हे एकक सापडते, आणि शिकवणे तपासायचे तेव्हा तेच एकक कोणालाच सापडत नाही.

'दर्जाचा विषय काढू नका, ते हत्यार आपल्यावरच उलटेल,' असे काही मित्र म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. दर्जाच्या नावाखाली राखीव जागा रिकाम्या ठेवल्या गेल्या, 'योग्य उमेदवार मिळाला नाही' असा शेरा मारला गेला. शिवाय पूर्णवेळ जागा भरायच्या नाहीत, तासिका तत्त्वावर तुटपुंज्या मानधनात पोरांना राबवायचे आणि मग त्यांच्याकडूनच दर्जा मागायचा, हा ढोंगीपणाही आपण पाहतो. तरीही माझे म्हणणे असे की दर्जा हा शब्द आपण त्यांच्या हाती सोडला म्हणूनच तो हत्यार झाला. वाईट शिकवण्याची किंमत कोण देतो? ज्याच्या घरी शिकलेला बाप आहे आणि शिकवणीला पैसा आहे, तो वाईट मास्तरावाचून अडत नाही. अडतो तो ज्याला वर्गाशिवाय दुसरा आधार नाही. केंद्र सरकारने २०२३ साली लोकसभेत दिलेल्या माहितीनुसार पाच वर्षांत केंद्रीय विद्यापीठे, आयआयटी व आयआयएममधून अनुसूचित जाती, जमाती आणि इतर मागासवर्गांतील साडेतेरा हजारांवर विद्यार्थी बाहेर पडले. विद्यार्थी दुसऱ्या अभ्यासक्रमांकडे वळतात, असे सरकारचे स्पष्टीकरण होते. काही वळलेही असतील. पण त्यांना विचारून नोंद कोणी केली?

म्हणून मागण्या स्पष्ट कराव्यात. प्रत्येक विज्ञान विभागाने वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी एकच संकल्पना-चाचणी घ्यावी आणि कोणत्या सामाजिक गटाची वाढ किती झाली, हे कोणाचे नाव न देता जाहीर करावे. तोंडी परीक्षेचे प्रश्न आधी लिहिलेले असावेत, दोन परीक्षकांनी स्वतंत्र गुण द्यावेत, समोरच्या यादीत केवळ क्रमांक असावा. एका विद्यार्थ्याने वर्षात किती प्रयोग स्वतःच्या हाताने केले, याची नोंद प्रयोगवहीतील सहीवरून नव्हे तर उपकरणाजवळ व्हावी. प्रथम वर्षाला विभागातील अनुभवी माणसाने शिकवावे. आणि सोडून गेलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याची नोंदवही विभागाने ठेवावी: कोण गेला, कधी गेला, का गेला. यांपैकी एकाही गोष्टीला मोठा पैसा लागत नाही. लागते ती पाहण्याची तयारी.

ज्या दिवशी एखाद्या विभागाच्या दारावरील श्रेणीशेजारी त्या नोंदवहीचा आकडाही लावला जाईल, त्या दिवशी आपण म्हणू की दर्जाची चर्चा आता सुरू झाली. तोवर विज्ञान शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींनी निदान एवढे करावे. विज्ञानाने शिकवलेला पहिला प्रश्न, 'पुरावा काय?', तो आधी आपल्या विभागालाच विचारावा.